घरच्या पेटीतले आंबे

संपतने आंब्यांमधली, फळ झटपट पिकवायच्या पावडरीची पुडी चिमटीत धरून उचलली आणि घाईघाईने गोणपाटाखाली ढकलली. मंडईच्या गर्दीतून त्याची सून उत्कर्षा पोट सांभाळत येत होती. सोबत आणखी एक पोटुशी.

“मामा, ही शेफाली. आमची दवाखान्यातली ओळख,” उत्कर्षा म्हणाली. “पावडरीच्या भीतीनं बिचारीनं यंदा आंबा चाखलासुद्धा नाही. म्हटलं, चल आमच्या गाळ्यावर. मी रोज खाते, मला कुठं काय झालंय?”

संपत हसला खरा, पण गोणपाटाचं टोक त्याने पायाने आणखी आत सारलं. ती रोज खायची ते आंबे घरच्या झाडांचे, गवताच्या अढीत सावकाश पिकवलेले. पावडरीचं फळ नको असं डॉक्टरांनी बजावल्यापासून तिच्यासाठीची पेटी तो गाळ्यात आतल्या बाजूला ठेवी आणि त्यातलेच आंबे घरी नेई. पुढचा पिवळाधमक ढीग गिऱ्हाइकांचा. लोकांना रंग लागतो, आपण काय करणार, एवढं मनाशी म्हटलं की त्याचं आजवर भागत होतं. पोटुशा बायका काय याआधी आल्या नव्हत्या? आल्या होत्या, विचारून विचारून घेऊन गेल्या होत्या.

शेफाली ढिगातले आंबे पिशवीत भरू लागली.

“काका, गवतातलेच ना हे? पहिल्या खेपेला माझं बाळ पोटातच गेलं. म्हणून विचारते हो.”

‘व्हय’ अगदी ओठांवर आलं होतं; रोज तेच तर सांगायचा. पण शेजारी सून उभी होती, सासऱ्याकडे कौतुकाने बघत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने शेफालीच्या हातातली पिशवी घेतली आणि आंबे पुन्हा ढिगावर ओतले.

“ह्ये नको, ताई. आत पेटी हाय, त्यातले देतो.”

“ती पेटी तर माझी ना, मामा?” उत्कर्षा म्हणाली. “मग या आंब्यांना काय झालं?”

संपत मान खाली घालून आत गेला. आतून पेटी आणून त्याने ती शेफालीच्या पिशवीत रिकामी केली. शेफाली ढिगापासून दोन पावलं मागे सरली.

उत्कर्षा बराच वेळ त्या ढिगाकडे बघत होती. मग तिने स्वतःची पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली.

“आज मला यातले घाला.”

संपतचे हात जागचे हलेनात.

“घाला ना, मामा,” ती हळूच म्हणाली. “बाकीच्या बायका नेतातच की.”