यॉर्गची उडी

“हे तोंड कुणाचं रे? आपल्या गावचं तर दिसत नाही!” क्विरीन लोहार अंधारात ओरडला आणि माझी सगळी खानावळ खदखदून हसली.

पडद्यावर बर्लिनचा नट नदीतून वर येत होता, गाल गुळगुळीत, केस अजून जागच्या जागी. त्याच्या आधी कड्यावरून पडली ती उडी कोर्बिनियनची होती, पण तिच्यात दिसली नुसती पाठ. कोर्बिनियन पहिल्या बाकावर बसला होता. हनुवटीवरचा हात त्याने शेवटपर्यंत काढला नाही.

लाल यॉर्ग हा आमचा दरोडेखोर. सरदाराचं धान्य लुटून त्याने गोरगरिबांना वाटलं, आणि शिपाई पाठीशी लागले तेव्हा कड्यावरून इझार नदीत उडी टाकून निसटला. दर उन्हाळ्यात आम्ही नदीकाठी त्याचं नाटक करतो, खऱ्या उडीसकट. हे काम कोर्बिनियनच्या घराण्याचं. आजा, बाप, तो, सगळे तराफेवाले. नियम एकच, यॉर्गच्या दाढीला वस्तरा लागायचा नाही. लागला की काम दुसऱ्या घरात जातं.

मागच्या पानगळीत बर्लिनची मंडळी कॅमेरा घेऊन आली. त्यांच्या नटाला पाण्याची भीती. “उडी तू मार,” दिग्दर्शक कोर्बिनियनला म्हणाला, “फक्त दाढी काढ. तुझं तोंड मी सगळ्या जर्मनीला दाखवतो.” हा खुळा भुलला आणि दाढी काढून बसला. क्विरीनला तेच हवं होतं. त्याचा जावई लुडविग या कामावर कधीचा डोळा ठेवून होता. शेवटी गावाने ठरवलं, चित्रपट येऊ दे. कोर्बिनियनचं तोंड दिसलं तर काम त्याचं, नाही तर लुडविगचं.

आता चित्रपट सगळ्यांनी पाहिला होता.

“तोंड भादरलंस आणि पाठ दाखवून आलास होय रे?” मागून कुणीतरी म्हणालं. शिट्ट्या सुरू झाल्या.

कोर्बिनियनची बायको वालबुर्गा ताडकन उभी राहिली. “त्याचीच आहे ती पाठ! आहे का तुमच्यात कुणाची तशी?”

“पाठीला कोण विचारतंय, बाई! बस खाली.”

मला त्या बर्लिनवाल्यांचा राग आला आणि माझ्या गावाचा त्याहून जास्त. पण गिऱ्हाइकांशी भांडून बियर खपत नाही. मी गुपचूप दिवे लावले.

उन्हाळा आला. लुडविग तालमीला कड्यावर चढायचा आणि चढला त्याच वाटेने खाली उतरायचा. नाटकाच्या आदल्या दिवशी क्विरीन खानावळीत आला आणि थेट कोर्बिनियनसमोर बसला. लाज कोळून प्यायलेला माणूस.

“उडी तेवढी तू मार. लुडविगचा झगा घाल, लोकांकडे पाठ कर. कुणाला कळायचं नाही.”

कोर्बिनियनची दाढी एव्हाना पुन्हा छातीला टेकली होती. “आणि पाण्यातून वर कोण येणार?”

“लुडविग. खडकामागे ओला होऊन उभा राहील.”

“थुंक याच्या तोंडावर,” मी म्हणालो.

कोर्बिनियनने बियरचा मग संपवला. “मारतो,” तो म्हणाला. “उडी माझ्या बापाची आहे. तुमच्या भांडणापायी ती घरी बसवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी खडकामागे लुडविगच्या डोक्यावर पाणी ओतलं गेलं, तेही माझ्याच खानावळीच्या बादलीने आणि माझ्याच हाताने. वर कोर्बिनियन प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने उडी घेतली. मग आयत्या बिळावरचा हा नागोबा ठिबकत बाहेर गेला आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

मी बादली घेऊन तिथेच उभा राहिलो. तिथून नदीचं खालचं वळण दिसतं. कड्यावर प्रेक्षकांकडे पाठ केली की तोंड त्या वळणाकडे होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. वालबुर्गा तिथे सकाळपासून कोरडा कोट घेऊन बसली होती.

कोर्बिनियन पोहत वळणापर्यंत गेला आणि निथळत्या दाढीने तिच्यापाशी काठावर आला. तिने त्याच्या खांद्यांवर कोट टाकला.

“तोंड दिसलं,” ती म्हणाली.