अल्पशा आजाराने

या, असे जरा जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे या, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. ती राजाची नाही, साधूची नाही. ती दोन शब्दांची आहे. वाणी हे परमेश्वराचे देणे, असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. ज्याने हे दोन शब्द आयुष्यभर वापरले तो माणूस भला होता, एवढे आधीच सांगून ठेवतो. मध्येच त्याचा राग आला तरी उठून जाऊ नका.

"काका, तुमच्याकडे जिवंत माणूस आलंय," शिपाई दारातून म्हणाला. "जपून बोला, तुम्हाला सवय नाही."

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर जुन्या अंकांची खोली होती. तिथे बसणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे निधनकाका म्हणत. चौतीस वर्षे त्याने तळमजल्याच्या खिडकीत बसून निधनवार्ता लिहून घेतल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी, पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाला, पण घरी करमेना. मालकांनी म्हटले, आठवड्यातून तीन दिवस या, फायली नीट लावा. त्याची बायको म्हणायची, "एवढी वर्षं मेलेल्यांत काढलीत, आता तरी माणसांत या." तो हसायचा आणि डबा घेऊन निघायचा.

शिपायामागून आली ती चाळिशीच्या आतली बाई. शाळेचे गणवेश शिवणारी. घाईत निघाली असावी, मापाची फीत गळ्यात तशीच होती. आत येऊन तिने नमस्कार केला, आणि बसायच्या आधी खिडकीशी जाऊन खाली पाहिले.

"मुलगी आहे खाली. फाटकाजवळच्या बाकावर. तिला जिना चढायला बंदी केलीय."

"का हो?"

"पळण्याच्या शर्यतीत पडली. अडखळून नाही काका, पळता पळताच. दिवा विझावा तशी." तिने पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. "पंधरा वर्षांची आहे. हृदयाचा आलेख काढला तर जरासा वाकडा आला. डॉक्टर म्हणतात, तेवढ्यावर छातीला हात लावत नाहीत. वडिलांकडचं कुणी तरुणपणी अचानक गेलंय का ते शोधून आणा. तसं कुणी असेल तर वेळ घालवायची नाही, काडेपेटीएवढं यंत्र असतं, ते छातीत बसवायचं. नसेल तर सहा महिने वाट बघू. मोठे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात आणि ते आज आलेत. चार वाजता जातील."

"आणि यजमान?"

"ते नऊ वर्षांपूर्वी झोपेत गेले. बत्तिसाव्या वर्षी. कागदावर लिहिलं, हृदय थांबलं." ती कोरडे हसली. "मेल्यावर सगळ्यांचंच थांबतं की. डॉक्टर म्हणतात, एकट्यावरून काही ठरवता येत नाही, घराण्यात आणखी कोण ते सांगा. मी कुणाला विचारू? हे पाच वर्षांचे होते तेव्हा वडील गेले, मागोमाग आई. लांबच्या मावशीने वाढवलं, तीही गेली. मला एवढंच ठाऊक की सासरे पोस्टमन होते."

काकाने घड्याळाकडे पाहिले. सव्वादहा झाले होते.

आता निधनवार्तेतून घराणे कसे शोधतात, ते ऐका. प्रत्येक वार्तेला शेपूट असते. 'त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा', 'कै. अमुक यांचे ते बंधू होत'. त्या शेपटाला धरले की पुढची वार्ता सापडते, तिच्या शेपटाला धरले की तिच्या पुढची. काकाने आडनावांची नोंदवही स्वतःच्या हाताने ठेवली होती. पण वाळवीने तिची बरीच पाने खाल्ली होती, म्हणून वर्षावर्षाचे गठ्ठे काढून पान न् पान उलटावे लागले. बाई दर पाच-सात पानांनी उठे, खिडकीशी जाई, मुलगी बसलेली आहे ना ते पाही आणि परत येई.

"काय करतेय?" काकाने एकदा विचारले.

"शेंगा खातेय. पहारेकऱ्याशी भांडतेय बहुतेक."

"मग बरी आहे."

"पडली त्या दिवशीही बरीच होती."

साडेअकराला पोस्टमन सापडला. वय छत्तीस. बाईने बोट ठेवून वाचले, "अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी व एक मुलगा असा परिवार आहे. कै. शिक्षिका… यांचे ते बंधू होत." ती थबकली. "म्हणजे ह्यांना आत्या होती. ह्यांना तरी माहीत होतं का कुणास ठाऊक."

काकाने पुढचा गठ्ठा ओढला. उन्हाने रापलेला पोस्टमन, टोपी काखेत, खिडकीच्या गजाला धरलेला हात, हे सगळे त्याला लख्ख आठवले. तो बहिणीची वार्ता द्यायला आला होता. "तिला काहीच झालं नव्हतं हो साहेब. फळ्यावर तारीख लिहीत होती आणि खाली आली. मी काय लिहू?"

काका तेव्हा नोकरीला नवा होता. 'अचानक निधन' लिहिले की गावाच्या जिभेला हाड राहत नाही, हे त्याने पहिल्या काही महिन्यांतच पाहिले होते. लोक विचारत, विष घेतले का, सासरी छळ होता का, रक्तातच काही खोट आहे का. मागे राहिलेल्या बहिणींची लग्ने अडत. म्हणून त्याने लेखणी उचलली आणि लिहिले, 'अल्पशा आजाराने'. पोस्टमनने वाचले. म्हणाला, "बरं झालं. आईला जरा बरं वाटेल." ती पहिली वेळ. मग ती रीतच पडली. खरा आजार असेल तर तो 'आजाराने' लिही, रेंगाळलेला असेल तर 'दीर्घ आजाराने'. आणि कारण कुणालाच ठाऊक नसेल, माणूस उभ्या उभ्या गेले असेल, तर 'अल्पशा आजाराने'. शब्द सगळीकडे छापून येतात, पण ही खूण त्याच्या एकट्याची. संपादकांनाही ठाऊक नव्हती, घरच्यांनाही नाही. त्यांना वाटे, छापायची पद्धतच असेल.

पाऊण वाजता शिक्षिका सापडली. वय एकोणतीस. अल्पशा आजाराने. पश्चात पती व एक मुलगा. त्या मुलाचे आडनाव नोंदवहीच्या शाबूत पानावर निघाले. दोनला तोही सापडला, वीस वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात. वय तेवीस. अल्पशा आजाराने.

बाईने वही मिटली आणि कपाळावरचा घाम पुसला. तिचा जीव भांड्यात पडला होता.

"तिघंही आजारानेच गेले, काका. अचानक कुणीच नाही. देव पावला." तिचे डोळे भरून आले होते. "मी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. देता का जरा पाणी?"

काकाने तांब्या पुढे केला. पाणी पिताना तिच्या गळ्याची शीर हलत होती, तिच्याकडे तो पाहत राहिला. किती दिवसांनी ही बाई सुखाने पाणी पीत असेल, असे त्याच्या मनात आले. डॉक्टर हुशार आहेत, आलेख बघतील, त्यांना कळेलच, असेही आले. आणि चाळीस वर्षे पुण्य म्हणून जपलेले असे एका दुपारी उलगडून कसे दाखवायचे, हेही आले. मन मोठे वकील असते, मंडळी. अशिलाने काही केले तरी बाजू मांडतेच.

तिने पिशवी खांद्याला लावली. वाकून नमस्कार करू लागली, तशी काका मागे सरकला.

"यजमानांचं कात्रण आहे तुमच्याकडे?"

"आहे की. पाकिटात असतं."

"वाचा."

"ते कशाला आता? मी कधी वाचलंच नाही ते. फोटो बघते आणि घडी घालते."

"वाचा, बाई."

तिने पाकिटातून कात्रण काढले. घड्यांवर ते फाटायला आले होते. ती पुटपुटत वाचू लागली. "अल्पशा आजाराने…" आणि मान वर केली. "हे चुकलंय. ह्यांना कुठे आजार होता? रात्री जेवले, मुलीला गोष्ट सांगितली आणि—"

ती तिथेच थांबली. टेबलावर तीन गठ्ठे उघडे होते. तिने एकाकडे पाहिले, दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे. मग काकाकडे.

"ते शब्द माझे आहेत," काका म्हणाला. "चारही ठिकाणी. कुणालाच आजार नव्हता."

बाईला खाली बसायचेही सुचेना. ती हळू आवाजात म्हणाली, "मी जिना उतरून गेले असते तर?"

"मी हाक मारली असती."

"मारली असती?"

बाई खिडकीशी गेली. आणि तिथूनच म्हणाली, "बाकावर नाहीये."

दोघेही दाराकडे धावले. काकाचा गुडघा टेबलाला आपटला, गठ्ठा खाली पडला. दार उघडले तर समोर शेवटच्या पायरीवर मुलगी उभी. कठड्याला धरून धापा टाकत होती. गाल लाल झाले होते.

"चढलीस कशाला?" बाईचा आवाज फुटला.

"कंटाळा आला. किती वेळ लावलास तू. तीनच मजले तर आहेत."

"बस. इथेच बस. बोलू नकोस."

ती पायरीवरच बसली. आईने तिच्या मनगटावर बोटे ठेवली. काय मोजायचे ते तिला ठाऊक नव्हते, पण बोटे तिने काढली नाहीत. काका समोर उभा होता आणि त्या पोरीच्या वरखाली होणाऱ्या खांद्यांकडे पाहत होता. चौतीस वर्षांत त्याच्या खिडकीशी हजारो माणसे आली, पण ज्याच्याविषयी लिहायचे ते माणूस नेहमी आधीच गेलेले असे. श्वास घेणारे असे कुणी त्याच्यापुढे पहिल्यांदाच बसले होते.

धाप हळूहळू खाली आली.

"हे आजोबा कोण?" मुलीने विचारले.

"नंतर सांगते," आई म्हणाली.

काका आत गेला. कचेरीचा कागद घेतला आणि उभ्यानेच लिहिले: 'खालील चौघांना मृत्यूपूर्वी कोणताही आजार नव्हता. शिक्षिका, वय एकोणतीस, वर्गात फळ्यावर लिहिताना. पोस्टमन, वय छत्तीस, सायकलवरून उतरताना. शिक्षिकेचा मुलगा, वय तेवीस, मैदानावर. पोस्टमनचा मुलगा, वय बत्तीस, झोपेत. चारही वार्ता मी लिहून घेतल्या. छापलेले कारण माझे आहे, खरे नाही.' खाली सही केली. एरवी कागद तीनदा वाचून पाहणारा हा माणूस, या वेळी त्याने एकदाही वाचला नाही.

शिपायाने रिक्षा आणली. मुलीला खुर्चीत बसवून शिपाई आणि पहारेकरी यांनी खाली नेले. ती सारखी म्हणत होती, "मी चालते ना, उतरायलाच तर आहे." बाईने कागद घेतला. जाताना काकाकडे पाहिले नाही. तेव्हा तीन वाजून वीस मिनिटे झाली होती.

कागद वेळेत पोहोचला. अकराव्या दिवशी यंत्र बसले. हे काकाला शिपायाने चौकशी करून येऊन सांगितले. काकाने नुसती मान हलवली आणि हात जोडले. त्या दिवशी डबा मात्र त्याने तसाच घरी नेला. बायकोने विचारले तर म्हणाला, "भूक नव्हती." तिने त्याच्याकडे पाहिले आणि डबा आत नेला.

महिन्याभराने बाई आली. बरोबर कुणी नव्हते. ती खुर्चीत बसली. बसल्यावर राग अजून तिच्या तोंडावर दिसत होता, आणि तो लपवावा असेही तिला वाटत नव्हते.

"पोर बरी आहे ना?" काकाने विचारले.

"कटकट करते. शर्यत नाही म्हणून रुसलीय माझ्यावर. रुसू दे." तिने पिशवी मांडीवर घेतली. "मी एक विचारायला आले. रोज मशीनवर बसते आणि तेच मनात येतं. काका, आमचं एकच घर होतं का?"

काकाने मागच्या भिंतीकडे पाहिले. जमिनीपासून छतापर्यंत गठ्ठे. चौतीस वर्षांचे.

"मीही तेच म्हणतोय स्वतःशी," तो म्हणाला.

मग तो कामाला लागला. तीन दिवसांचे सहा दिवस केले. सकाळी येई, एक गठ्ठा काढी, 'अल्पशा' दिसला की आडनाव टिपून घेई. बाई शनिवारी दुपारी येऊन समोर बसे आणि पाने उलटी. बऱ्याच वार्ता त्याला ओळखू येत. काही येत नसत, त्याचे त्याला जास्त वाईट वाटे. अडीच महिन्यांनी यादी तयार झाली. एकाच घरात तो शब्द दोनदा किंवा जास्त वेळा आला, अशी सतरा घरे निघाली. पाकिटांवरचे पत्ते बाईने लिहिले. आतले पत्र मात्र प्रत्येक घराला त्याने स्वतः लिहिले, आणि कुठेही मऊ शब्द घातला नाही.

तीन उत्तरे आली. एका घराने लिहिले, मुलांना तपासून आणले, दोघांत दोष निघाला, उपकार आहेत. दुसऱ्याने चार शिव्या लिहिल्या, आमच्या मेलेल्यांना का उकरता म्हणून. तिसरे शेजाऱ्याने लिहिलेले होते, की इथे आता एक आजी तेवढ्या राहतात आणि त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, त्या रडल्या आणि म्हणाल्या, छातीत धडधडतं म्हणायचा, माझा मुलगा खोटं बोलत नव्हता.

बाकी चौदा घरांकडून काही आले नाही. पत्रे परतही आली नाहीत. ती कुणाच्या हाती पडली, कुणी फोडली की नाही, कळायला मार्ग नाही. काका अजून टपाल येण्याच्या वेळी खिडकीशी उभा राहतो, आणि टपालवाला फाटकातून बाहेर पडला की मगच खुर्चीत येऊन बसतो.

तेव्हा मंडळी, घरी जाल, देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावे घेऊन झाली की क्षणभर थांबा. त्या चौदा घरांत आत्ता कुणी जिना चढत असेल, कुणी मैदानात पळत असेल. त्यांची नावे मलाही ठाऊक नाहीत. पण तेवढी आठवण असू द्या.