फाटकावरचा कागद

नेवेना वाचायला लागली की दांडगट मेथोदीसुद्धा बाक वाजवायचा थांबायचा. आठ वर्षांची पोर, पण कुठे अडखळणं नाही की श्वास चुकणं नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, काय हुशार लेकरू आहे! धडा संपल्यावर गेर्गिना बाई विचारायच्या, "मग काय झालं गं गोष्टीत?" की पोर भिंतीकडे बघत उभी. सगळी पोपटपंची.

बाईंनी जंग जंग पछाडलं. एक वाक्य झालं की थांबायचं, डोळे मिटायचे, काय दिसतं ते बोलायचं. पान उलटण्याआधी पुढे काय होईल ते सांगायचं. नाही समजलं तर घाई न करता परत वाचायचं, आणि शेवटी पुस्तक मिटून आपल्या शब्दांत गोष्ट सांगायची. या युक्त्यांनी मेथोदीसारखा ठोंब्यासुद्धा आता गोष्टीतल्या लांडग्याची बाजू घेऊन भांडायला लागला होता. नेवेनापुढे मात्र सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवारी मोठ्या गावाहून परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर तिला एक साधी गोष्ट सांगता आली नाही, तर तिची रवानगी शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत होणार होती. बाईंना घास गोड लागत नव्हता. त्या दुपारी त्या तिच्याबरोबर तिच्या घरी निघाल्या.

रोडोपेच्या डोंगरावरून धुकं खाली उतरलं होतं. गावात माणूस गेलं की त्याचा फोटो आणि दोन ओळी छापून कागद फाटकावर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने आणखी नवा. तरणी माणसं परदेशी कामाला आणि म्हातारी मातीत, त्यामुळे कोरं फाटक शोधूनही सापडत नव्हतं. नेवेना चालता चालता एकेक कागद मोठ्याने वाचत होती, दुसरी पोरं गाणं म्हणतात तशी. स्वतःच्या फाटकाशी आली आणि त्याच सुरात म्हणाली, "इल्याना. एक वर्ष तुझ्याविना. आई आणि लेक." आणि कडी काढून आत गेली.

बाई जागच्या जागी थिजल्या.

इल्याना म्हणजे नेवेनाची आई. इटलीत कुणा म्हातारीची सेवा करायला गेली होती. घरी परत येताना बस दरीत कोसळली. स्तोयना आजीने नातीला सांगितलं, आईला सुट्टी मिळत नाही. साऱ्या गावाला गप्प राहायची शपथ घातली. पण मेलेल्या लेकीचा कागद लावला नाही तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून तोही लावला, दर वेळी नवा. पोरीला वाचलेलं कुठे कळतंय! म्हाताऱ्या माणसाच्या अकलेला काय म्हणावं?

स्वयंपाकघरात लिंडनच्या फुलांचा चहा तीन कपांत ओतलेला होता. बाई चुलीजवळच्या खुर्चीत टेकणार, तोच आजी ओरडली, "तिथे नको!"

नेवेना दप्तर ठेवायला आत गेली तशा बाई म्हणाल्या, "स्तोयना आजी, सांगून टाका तिला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"तुला काय जातंय गं सांगायला?" आजीचा आवाज खाली आला. "रोज या वेळेला पोर त्या खुर्चीला धडा वाचून दाखवते. मी पाठ फिरवून बसते. मला काही दिसत नाही. पण तिच्या कपातला चहा कमी होतो, गेर्गिना. पोरीला कळलं तर माझी इल्याना यायची थांबेल. राहू दे तिला मठ्ठ."

"मला कळतं, आजी." नेवेना दारात उभी होती. "पहिल्या कागदापासून कळतं. आईलाच कळलेलं नाही."

आजीने छातीवर क्रुसाची खूण केली. चुलीत लाकूड तडकलं.

"ती रोज म्हणते, काय वाचलंस ते तुझ्या शब्दांत सांग. मी नुसतं वाचते, बाई. एकदा सांगायला लागले की तेही सांगावं लागेल."

 बाईंना पळून जावंसं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली. मग त्या खुर्चीकडे न बघता म्हणाल्या, "आणि तुला शहरात धाडलं तर? ती इथे येईल, रोज. कुणाला विचारेल गं?"

 नेवेना बाहेर गेली आणि फाटकावरचा कागद खरवडून घेऊन आली. खुर्चीसमोर जमिनीवर बसली. पहिली ओळ वाचली आणि थांबली.

"आता डोळे मीट, आई. काय दिसतं?"

खुर्चीपुढच्या कपातला चहा थरथरला.

"हो, ती बस. वळणावरची. पुढे काय होईल असं वाटतं?" ती मान वर करून ऐकत राहिली. "नाही, नाही, घाई नाही करायची. आपण परत वाचू."

तिने परत वाचलं, सावकाश, एकेक शब्द हातात ठेवावा तसं. बाईंचेच शब्द, बाईंचाच सूर. बाईंना हुंदका आवरेना.

"आता तुझ्या शब्दांत सांग," नेवेना म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज हलला नाही. "कळलं का, आई?"

चुलीचा आवाज थांबला. खुर्चीतून कुणीतरी, दिवसभर राबून आलेली बाई बोलते तसं, म्हणालं, "कळलं गं."

"इल्याना!" आजी गर्रकन वळली. खुर्ची रिकामी होती. तिच्यापुढचा कप तसाच काठोकाठ भरलेला होता.

नेवेनाने बाहीने तोंड पुसलं. "शुक्रवारी मी सांगेन, बाई," ती म्हणाली, आणि कप उचलून विसळायला घेऊन गेली.