कार्टमध्ये गेलेला गणपती

सिद्धार्थ आणि मी दादरला छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवतो. छोट्या म्हणजे खरंच छोट्या. हिंदमाताचा ब्लाउज शिवणारा, परळचा चष्मेवाला, लालबागचे मूर्तिकार भिवाकाका. आमचं पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीवरून वाजतं: कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला प्लॅटफॉर्म द्यायचा. सिद्धार्थला सगळ्यांच्या गळ्यात एकच तयार दुकान मारायचं असतं. फोटो टाका, किंमत टाका, खाली ‘खरेदी करा’चं बटण, विषय संपला. मी म्हणते, अरे, आधी त्या माणसाचा धंदा कसा चालतो ते जाऊन बघ. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, “तू एकेकाचं माप घेत बस. तोवर आपण म्हातारे होऊ.”

भिवाकाकांचं पान मी मुद्दाम वेगळ्या, साध्या प्लॅटफॉर्मवर केलं होतं. मूर्तींचे फोटो, कारखान्याचा पत्ता, फोन नंबर. बटण नाही. कारण त्यांच्याकडे उभ्या उभ्या येऊन मूर्ती उचलायची पद्धतच नाही. तुम्ही घरचा पाट नेऊन द्यायचा, त्यावर विडा-सुपारी ठेवायची, हात जोडायचे. त्या पाटावर मूर्ती बसली की ती तुमच्या घरची. कारखान्यात दिसते ती प्रत्येक मूर्ती आधीच कुणाची तरी असते. हे मी सिद्धार्थला कितीदा तरी सांगितलं. तो फोनमध्ये बघत मान डोलवायचा. दादरहून लालबाग काय लांब आहे? पण त्या कारखान्यात त्याने कधी पाऊल टाकलं नाही.

श्रावणात आईच्या आजारपणामुळे मी गावी होते. तेवढ्यात सिद्धार्थसाहेबांनी सगळी गिऱ्हाइकं आपल्या लाडक्या प्लॅटफॉर्मवर हलवली. मला न विचारता. मी हरतालिकेच्या सकाळी मुंबईत आले आणि दुपारीच भिवाकाकांचा फोन आला.

“चेडवा, घात झालो. आधी हय ये.”

कारखान्यात मूर्ती दाटीवाटीने उभ्या होत्या, आणि मधे एक जागा रिकामी होती. त्या जागेसमोर बकुळाताई उभ्या होत्या. हातात मूर्तीचा चेहरा झाकायला आणलेला रेशमी रुमाल. बाहेर टॅक्सी थांबवून ठेवलेली. बकुळाताईंना मी लहानपणापासून ओळखते. सगळा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीत गेला. आता नव्या इमारतीत घर मिळालंय, आणि नव्या घरातला हा पहिला गणपती. नवरा गेला, चाळ गेली. जुन्यातलं त्यांनी काय नेलं असेल, तर नवऱ्याने हाताने केलेला फणसाचा पाट. तो त्यांनी आषाढातच भिवाकाकांकडे आणून दिला होता.

“कोणी नेला, मयूर?” मी विचारलं.

भिवाकाकांचा मुलगा माझ्या नजरेला नजर देईना. “काल कुरियरवाला आला. कागदावर फोटो होता, पैसे भरल्याचं लिहिलं होतं. मी फोटो जुळवला आणि दिला. तुझ्याच साइटवरनं आलेलं, म्हटलं सुचित्राने केलंय म्हणजे बरोबर असेल.”

मी फोनवर पान उघडलं. वर माझं नाव अजून होतं. खाली मात्र प्रत्येक मूर्तीला किंमत, प्रत्येकीला बटण, आणि वर लाल अक्षरांत ‘फक्त एक शिल्लक, त्वरा करा!’ फोटोत बकुळाताईंचा पाट स्पष्ट दिसत होता. कोपऱ्यावरचं कोरलेलं कमळसुद्धा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिद्धार्थला फोन करून मी फक्त एवढंच म्हटलं, “ऑर्डर कुठे गेली तो पत्ता काढ आणि तिथे पोच. आत्ता.”

पत्ता गिरगावातला निघाला. टॅक्सीत मीच बडबडत होते, सिद्धार्थचा, त्याच्या प्लॅटफॉर्मचा उद्धार करत होते. लालबाग गेलं, भायखळा गेलं, तरी माझं तोंड बंद झालं नाही. बकुळाताई रुमालाची घडी घालत होत्या आणि मोडत होत्या.

ऑर्डरवर ज्यांचं नाव होतं, त्या उर्मिलाबाईंनीच दार उघडलं. साठीच्या, शांत, आमच्याकडे बघून गोंधळलेल्या. सिद्धार्थ जिन्यातच भेटला होता. मी काय झालं ते सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

“आमचे मूर्तिकार गिरगाव सोडून गेले हो. सून म्हणाली, ऑनलाइन चांगल्या मूर्ती आहेत. तिथे लिहिलं होतं एकच शिल्लक आहे. आम्हाला कसं कळणार?”

खरंच, त्यांना कसं कळणार? त्यांचा काय दोष होता? तेवढ्यात सिद्धार्थ पुढे झाला. “मॅडम, नो टेन्शन. प्लॅटफॉर्मवर रिटर्नची सोय आहे. फक्त एक कारण सिलेक्ट करायचं.” आणि त्याने फोन त्यांच्यासमोर धरला. माप बसत नाही. रंग आवडला नाही. वस्तू खराब निघाली.

“वस्तू?” मी ओरडले. समोरचं दार किलकिलं झालं. “अरे, लाज नाही वाटत तुला? गणपती परत करायला रंग आवडला नाही म्हणून लिहायचं?”

“मग काय करू? दुसरा ऑप्शनच नाहीये त्यात!”

“तेच सांगत होते ना तुला! इतके महिने तेच सांगत होते!”

बकुळाताईंनी माझं मनगट धरलं. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी आत पाहिलं. मूर्ती चांदीच्या चौरंगावर होती.

“ओवाळून घेतलात ना आत?” त्यांनी उर्मिलाबाईंना विचारलं.

“हो. काल संध्याकाळी. पायावर दूध-पाणी घालून.”

“मग राहू दे. आत घेतलेला कोणी बाहेर काढतं काय? माझा पाट तेवढा द्या.”

उर्मिलाबाईंना आधी समजेचना. मग समजलं तशा त्या लगबगीने जिन्याच्या वळणाकडे गेल्या. तिथे पुठ्ठा, थर्माकोल आणि सुतळीचा ढीग पडला होता, कचरेवाल्यासाठी. पाट त्याखाली होता. त्यांना वाटलं होतं, पॅकिंगचं लाकूड आहे. त्या रडायलाच लागल्या. बकुळाताईंनी पाट पदराने पुसला आणि रेशमी रुमालात गुंडाळला.

खाली रस्त्यावर सिद्धार्थ म्हणाला, “ताई, दादरला आत्ताही छान मूर्ती मिळतील. मी आणून देतो. माझ्याकडून.”

“नको. आमचा गणपती भिवाकडचा, हे अख्ख्या चाळीला माहितीय. दुसरीकडचा आणला तर उद्या लोक भिवाला नावं ठेवतील.”

मी सिद्धार्थच्या हातातून फोन घेतला आणि भिवाकाकांचं दुकान बंद केलं. बंद करतानाही प्लॅटफॉर्मने कारण विचारलंच, आणि त्या यादीतही आमचं कारण नव्हतं. मी हाताला येईल ते दाबलं.

“ऐन सीझनमध्ये?” तो म्हणाला.

“अजून एक शब्द बोललास, तर दादरचं ऑफिसही बंद करीन.”

दुसऱ्या दिवशी बकुळाताईंच्या नव्या घरी गेले. जुन्या चाळीतले सगळे आले होते. लिफ्टपासून दारापर्यंत चपलाच चपला. मखर मोठं होतं, फुलांनी भरलेलं, आणि मधे फणसाच्या पाटावर तांदळाची रास, तिच्यावर एक सुपारी. लोक आत यायचे, पाहायचे, एकमेकांकडे बघायचे आणि गुमान हात जोडायचे. मूर्तीचं काय झालं, हे बकुळाताईंनी एकालाही सांगितलं नव्हतं. भिवाकाका कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. बकुळाताईंनी आरती त्यांनाच म्हणायला लावली.

सिद्धार्थ आरती संपता संपता आला. मी त्याला बोलावलं नव्हतं, बकुळाताईंनी बोलावलं होतं. त्याने सगळ्यांसारखा वाकून नमस्कार केला, प्रसाद घेतला, आणि मग नेहमीच्या सवयीने खिशातून फोन काढून मखरासमोर धरला.

बकुळाताईंनी कॅमेऱ्यासमोर हात आडवा केला.

“फोटो नको रे बाबा. फोटोवरूनच तर गेला.”

सिद्धार्थचा फोन तसाच हातात राहिला. मग बकुळाताईंनी त्याच्या दुसऱ्या हातावर आणखी एक मोदक ठेवला आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.