शेवटचे कोरे पान

आमच्या कार्यालयाची एक रीत होती. अहवालाचे शेवटचे पान, म्हणजे जिथे 'हे करावे, ते करू नये' असा निष्कर्ष यायचा, ते अखेरपर्यंत कोरे ठेवायचे. आधीची पाने आम्ही चौघांनी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायची, त्यांवर मनसोक्त भांडायचे, आणि भांडण निवले की सर्वांच्या समक्ष ताईने ते पान स्वहस्ते लिहायचे. "निष्कर्ष आधी ठरला ना, की डोळे त्याच्याच मागे चालायला लागतात," असे ती म्हणे. संस्था तिने स्थापन केली तेव्हापासून या रीतीला कधी बाध आला नव्हता.

आमचे काम सल्ला देण्याचे. नाट्यगृहे, चित्रदालने, छापखाने, वाद्यवृंद, बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या मंडळ्या. कलेवर ज्यांचे पोट आहे अशा कोणाचाही कारभार अडला की ते आमच्या दाराशी येत. दार होते आरशांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. दुकानदाराने जिन्यातही आरसे टांगले होते. चढणाऱ्याला आपलेच रूप इतक्या वेळा दिसे, की वर पोचेपर्यंत निम्मी घमेंड उतरलेली असते, असा भावजींचा सिद्धान्त होता.

भावजी म्हणजे ताईचे धाकटे दीर. आकडेमोड त्यांच्याकडे, आणि आकड्यांइतकेच ते स्वतःही रोखठोक. ताई त्यांना भावजी म्हणे म्हणून आम्हीही म्हणत असू. मोजमापे घेऊन नकाशे काढणारी आमची वास्तुकार अंबाड्यात पट्टी खोचून हिंडे. तिला सारे फूटपट्टी म्हणत आणि तिलाही ते नाव आवडे. भाषेवर शेवटचा हात फिरवण्याचे काम माझे. ताई शाळेत माझी विद्यार्थिनी होती. मी निवृत्त झालो तेव्हा ती घरी आली आणि म्हणाली, "गुरुजी, आता काय भिंतींना व्याकरण शिकवणार? चला माझ्याबरोबर." मी गेलो.

शहरातल्या सर्वांत मोठ्या नाट्यगृहाने आम्हाला बोलावले, तेव्हा कार्यालयात आनंदीआनंद झाला. असे काम मिळणे म्हणजे पुढची काही वर्षे निर्धास्त. प्रश्न एकच होता. नाट्यगृहाच्या मागे त्यांची स्वतःची नेपथ्यशाळा होती. रंगमंचावरची घरे, अरण्ये, राजवाडे, तुरुंग सारे तिथे घडत असे. ती तोट्यात होती. चालू ठेवावी की बंद करावी?

आम्ही तिथे गेलो, तेव्हा लाकूड चिकटवायच्या सरसाचा उग्र वास नाकात शिरला. उंच छताखाली रंगवलेले पडदे गुंडाळून ठेवले होते. दोघे सुतार एका सुंदर गोलाकार जिन्याला मधोमध करवत लावत होते. फूटपट्टी कळवळून म्हणाली, "अहो, हे काय करताय?"

नेपथ्यशाळेच्या प्रमुख बाई हात पुसत पुढे आल्या. "दुसऱ्या नाटकमंडळीनं भाड्यानं मागितलाय. बाहेर कसा न्यायचा? रस्त्याकडचं मोठं दार बुजवलं ना. पलीकडे उपाहारगृह झालंय. आता सगळं या छोट्या दारातून जातं. म्हणजे कापून जातं."

"आणि कापलेला जिना परत कोण मागतं?" भावजींनी विचारले.

"कोण मागणार? पूर्वी रांग लागायची."

फूटपट्टीने अंबाड्यातली पट्टी काढली आणि बुजवलेल्या दाराची चौकट भिंतीवर शोधू लागली. गिलाव्याखाली ती अजून बोटांना लागत होती.

पुढे कार्यालयात आमचे नेहमीचे भांडण सुरू झाले. भावजी म्हणाले, "वहिनी, तोटा खरा आहे. मी तो गुळगुळीत करून देणार नाही."

"करा म्हणून मी सांगितलं का?"

"तुमच्या चेहऱ्यानं सांगितलं. तिथला वास घेतल्यापासून तुम्ही हळव्या झालात."

"हळवं होणं गुन्हा असेल तर तुम्ही निर्दोष सुटाल, भावजी."

भांडण निवण्याआधीच नाट्यगृहाच्या अध्यक्षांचा निरोप आला, की तपशील तपासायला मसुदा पाठवा. तपशील ज्याचे त्याला दाखवणे न्याय्यच होते. आम्ही पाने जुळवली, पहिल्या पानावर चौघांनी सह्या केल्या, आणि शेवटचे पान रीतीप्रमाणे कोरे ठेवून बाडाची एक प्रत पाठवून दिली. आमच्याइतकी त्या कोऱ्या पानाची सवय जगात दुसऱ्या कोणालाच नव्हती, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

अहवाल सादर करायच्या संध्याकाळी नाट्यगृह भरले होते. विश्वस्त पुढे, गावातल्या नाट्यमंडळ्या मध्ये, नेपथ्यशाळेची माणसे अगदी मागे. प्रत्येक खुर्चीवर छापील प्रत ठेवली होती. फूटपट्टीने सहज शेवटचे पान उघडले आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, हे कुणी लिहिलं?"

पानावर स्वच्छ छापले होते: नेपथ्यशाळा बंद करावी, जागा उपाहारगृहाच्या विस्तारास द्यावी. आणि पहिल्या पानावर आमच्या चौघांच्या सह्या.

"वहिनी," भावजी हलकेच म्हणाले, "आपण कोऱ्या चेकवर सह्या करून दिल्या."

अध्यक्ष बाजूच्या बोळात भेटले. मनुष्य उद्धट नव्हता. उलट फार आर्जवी होता. "पान रिकामं होतं. मला वाटलं, ते तुम्ही आमच्यासाठीच सोडलंय. बाकीचे सल्लागार तसंच करतात."

"आम्ही नाही करत," ताई म्हणाली.

"शब्द तुमच्यासारखेच वापरलेत हो. कोणाला कळणारही नाही. आज वाचून टाका, आणि पुढची सगळी कामं तुमचीच. नाहीतर..." त्यांनी खांदे उडवले. "गाव लहान आहे, ताई. नाट्यगृहाशी वाकडं घेतलेल्यांना कोण बोलावतं?"

ताईने आमच्याकडे पाहिले. तिची साऱ्या हयातीची जोड त्या क्षणी पणाला लागली होती: आरशांच्या जिन्यावरचे कार्यालय, आम्हा तिघांची पोटे, आणि तिचा शब्द. भावजींनी चष्मा पुसला. "माझ्याकडे काय बघताय? हिशेब विचाराल तर वाचणं फायद्याचं आहे."

"आणि तुम्हाला विचारलं तर?"

"मला विचाराल तर माझ्या सहीखाली दुसऱ्याचं गणित मी खपवून घेत नाही."

आम्ही चौघेही रंगमंचावर गेलो. ताईने छापील प्रत हातात धरली. "या अहवालाची शेवटचं पान सोडून सगळी पानं आमची आहेत. ते पान आम्ही लिहिलेलं नाही. आमच्याकडे ते अजून कोरं आहे." तिने ते पान फाडले, घडी घातली, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या अध्यक्षांना आदराने नेऊन दिले. "हे तुमचं."

सभागृहात कुजबुज उसळली. ताई पुन्हा ध्वनिक्षेपकापाशी आली तेव्हा त्यातून आवाज येईना. कोणीतरी तो बंद केला होता.

ताई माझ्याकडे वळली. "गुरुजी, मागच्या बाकापर्यंत?"

मी घसा साफ केला. सारा जन्म वर्गात गेलेल्या माणसाला यंत्र लागत नाही. मी दाराचे प्रकरण वाचले: दार कधी बुजवले, त्यानंतर कोणकोणत्या मंडळ्यांनी येणे सोडले, कोणते देखावे कापले गेले. शब्द शेवटच्या रांगेला जाऊन भिडताना मी ऐकत होतो. एका सुताराने मान डोलावली, आणि त्या मानेकडे पाहतच मी पुढचे वाक्य उचलले.

वाचन संपले. ताईने रंगमंचावर पडलेले एक लाकडी खोके मध्ये ओढले आणि त्यावर बसली. "निष्कर्ष लिहायचा राहिलाय. आमच्यात आधी भांडण होतं, मग तो लिहिला जातो. आज ते इथंच होईल. भावजी, सुरू करा."

"सगळ्यांसमोर?"

"घरी तर तुम्ही शेजारच्यांना ऐकू जाईल एवढं भांडता."

लोक हसले. भावजी तरातरा पुढे आले. "बरं तर. नेपथ्यशाळा तोट्यात आहे. कोणी रडून तो तोटा भरणार नाही."

"तोटा कधीपासून?" फूटपट्टीने विचारले.

"दार बुजवल्यापासून. त्याआधी जमाखर्च जेमतेम जुळायचा."

"मग तोटा शाळेचा की भिंतीचा?"

"भिंतीला मी पगार देत नाही, बाई! माझ्या कागदावर तो शाळेच्याच नावावर येतो."

"कागद उलटा धरलाय तुमचा."

"वहिनी, हिला आवरा."

"मुळीच नाही," ताई म्हणाली. "उत्तर द्या तिला."

भावजी बोटांनी हवेत काहीतरी मांडत, पुसत, पुन्हा मांडत राहिले. सारे सभागृह त्या बोटांकडे पाहत होते. अखेर ते कुरकुरत म्हणाले, "दार उघडलं आणि निम्म्या मंडळ्या जरी परत आल्या तरी शाळा तगेल. निम्म्या, हं! सगळ्या नाही. आणि आल्या नाहीत तर बंद करावी लागेल, हेही लिहा. माझ्या नावानं लिहा."

मधल्या रांगांतून कोणी ओरडले, "दार उघडा, आम्ही येतो!"

"बोलणं सोपं असतं," भावजी तिकडे बोट रोखून म्हणाले. "तुम्ही नक्की या."

ताईने आमच्या मूळ बाडातले कोरे पान गुडघ्यावर घेतले आणि लिहिले: रस्त्याकडचे दार पुन्हा उघडावे, तोवर नेपथ्यशाळा बंद करू नये, पुढच्या हंगामानंतर पुन्हा तपासावे. त्याखाली चौघांनी सह्या केल्या. विश्वस्तांपैकी एका वृद्ध बाईंनी हात पुढे करून ते पान मागून घेतले आणि चष्मा लावून तिथेच वाचू लागल्या.

बाहेर पडताना अध्यक्षांनी वाट अडवली. आता त्यांच्या आवाजात आर्जव उरले नव्हते. "या नाट्यगृहाची पायरी पुन्हा चढू नका."

"नाही चढणार," ताई म्हणाली. "दार उघडलंत की तिकडून येऊ. तिकडे पायरीच नाही."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात पुढचे काम म्हणून काहीच नव्हते. भावजी रिकाम्या टेबलावर पेन्सिल फिरवत बसले होते. "वहिनी, आता तरी रीत बदलायची का?"

"बदलायची. पहिल्या पानावर सह्या करायच्या नाहीत. सह्या शेवटच्या पानावर, लिहून झाल्यावर."

"आणि शेवटचं पान?"

"ते कोरंच राहणार."

इतक्यात जिन्यात पावले वाजली. मध्येच थांबली, पुन्हा वाजली. कोणीतरी आरशांत आपल्याला न्याहाळत वर येत होते.

"घरमालक असेल," भावजी म्हणाले.

"असू दे," ताई म्हणाली, आणि खुर्ची पुढे सरकवून सरळ बसली. "फूटपट्टी, दार उघड."