पायमोजा

"तुमची दहा मिनिटं सुरू," टेकडीवरचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गजराचं घड्याळ टेबलावर ठेवलं. पेशंट तपासताना ते हेच घड्याळ लावत. अध्यक्ष झाल्यापासून भाषणांनाही लावू लागले होते.

वस्तीतल्या डॉक्टरीणबाई उठल्या. सभा त्यांच्याच दवाखान्यात, पेशंटच्या बाकांवर भरली होती. फॅमिली डॉक्टर सात, विषय एक: वस्तीतली माणसं इतरांच्या आधी का मरतात. चर्चेत पेशंटचा व्यत्यय नको म्हणून दारावर 'आज दवाखाना बंद' अशी पाटी टांगली होती.

"मला औषधं नकोत, वेळ हवाय," बाई म्हणाल्या. "प्रत्येकानं आठवड्यातून अर्धा दिवस इथे बसायचं. म्हणजे एकेकाला वीस मिनिटं देता येतील."

"वीस मिनिटं करायचं काय? गप्पा?" अध्यक्ष म्हणाले. "माझा पेशंट सातव्या मिनिटाला चिठ्ठी घेऊन जिना उतरतो."

तिघं हसले. ते विरोधातले. बाईंसकट तिघं बाजूचे. उरलं अध्यक्षांचं मत, आणि अध्यक्षांना निघायची घाई होती.

तेवढ्यात दाराच्या काचेपलीकडे हमाल दिसला. जुना मधुमेह, पाय दाखवून जा म्हणून बाईंनी महिनाभर निरोप धाडले होते. त्याने पाटी वाचली, आतली इस्त्रीची माणसं पाहिली आणि पाठ फिरवली.

हा आत्ता गेला की पुन्हा या दारात उभा राहणार नाही, हे बाईंना ठाऊक होतं. भाषण सोडलं तर मत गेलं, हेही.

त्यांनी दार ढकललं. पाटी खाली पडली.

"काका, थांबा."

"असू दे, बाई. पाहुणे आलेत तुमच्याकडे."

"पाहुणे कसले, सगळे डॉक्टर आहेत. बसा इथं."

"घड्याळ चालू आहे," अध्यक्षांनी आठवण केली.

"चालू दे."

बूट निघाला. पायमोजा निघेना, जखमेला चिकटून सुकला होता. बाई त्यावर कोमट पाणी सोडू लागल्या. "दुखतंय?"

"छे. काही कळतच नाही. तेवढं एक सुख आहे."

बाकांवर कुणी हसलं नाही.

"पायाखाली तसराळं धरा जरा," बाई मान वर न करता म्हणाल्या. सर्वांत जवळ अध्यक्ष होते. ते गुडघ्यांवर बसले.

"ओढू नका. भिजू दे अजून," त्यांनीच बाईंना दटावलं.

मोजा टाचेवरून सुटला तेव्हा गजर झाला.

"बंद करा रे ते कुणीतरी," अध्यक्ष खेकसले. त्यांचे दोन्ही हात पायाखाली होते.

अंगठा काळा पडला होता.

"जाणार का?" हमालाने विचारलं.

"अंगठा जाईल, काका. आजच मोठ्या दवाखान्यात गेलात तर पाय राहील."

"आणि निरोप आला तेव्हाच आलो असतो तर?"

"कदाचित अंगठाही राहिला असता."

"सुट्टी मागितली होती," तो म्हणाला. "आज मिळाली."

बाईंनी पट्टी बांधली. "माझी गाडी आहे खाली," अध्यक्ष म्हणाले आणि भिजलेल्या बाह्या उतरवू लागले. मग कुणाकडेही न बघता पुटपुटले, "गुरुवारी दुपारी मी झोपतो. तो वार माझ्या नावावर लिहा."

हमालाने ओला मोजा पिळून खिशात घातला. सुटा बूट काखेत धरून त्याने फरशीवरचं पाणी खांद्यावरच्या फडक्याने टिपलं.

"तुमची सभा मोडली," तो म्हणाला.

दारात पडलेली पाटी त्याने उचलली, झटकली आणि नीट सरळ करून पुन्हा खिळ्याला टांगली.