बटणं काढलेला बेंजो

मित्रांनो, आधी एकच सांगतो. मला नमस्कार करू नका. नमस्कारांनी माझं जेवढं वाटोळं झालं, तेवढं कुणाच्या लाथेनंही झालं नाही.

मी एक जुना बेंजो आहे. लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर दाबायची गोल बटणं. मुरबाड-शहापूरकडे हळदीला किंवा गणपती विसर्जनाला तुम्ही कधी नाचला असाल, तर माझ्याच एखाद्या भावाच्या तालावर नाचला असाल. कल्याणच्या एका कारागिरानं मला बनवलं. बटणं त्यानं भंगारातल्या टाइपरायटरची बसवली, म्हणून माझ्या अंगावर इंग्रजी अक्षरं होती. वाचायला मात्र कुणाला कधी वेळ मिळाला नाही.

मला आणलं म्हसा गावाजवळच्या साईनाथनं. त्याचं बेंजो पथक होतं. साईनाथ ढोल वाजवायचा, पथकाचा मालकही तोच. आणि मला वाजवायला त्यानं बसवलं आपल्या लहानपणच्या दोस्ताला, भगीरथला.

काय सांगू तुम्हाला या भगीरथबद्दल! अंगात पारा भरल्यासारखा माणूस. जेवताना पाय हलतोय, झोपेत बोटं चालतायत. भाताची दोन खाचरं होती, आणि आसनगावच्या एका कारखान्यात पत्रे कापायच्या यंत्रावर काम होतं. तिथल्या एका पोरानं त्याला मोबाईलवर परदेशी गिटार ऐकवली. ती गिटार गोड वाजत नव्हती, ती भांडत होती. भगीरथ घरी आला तो थेट माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "तुला पण असंच बोलता येतं. बोलत नायस, एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यानं काय केलं असेल? माझी वायर ज्याला जोडायचे, त्या पथकाच्या कोऱ्या भोंग्याचा, म्हणजे स्पीकरचा, पडदा ब्लेडनं चिरला! माझा आवाज त्या फाटक्या पडद्यातून बाहेर पडला आणि मीच दचकलो. खरखरीत, रागीट, घसा बसलेला आवाज. पण खरं सांगू? तो माझा होता. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची गाणी मिठाई वाटल्यासारखी वाटत होतो.

साईनाथनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे भगीरथ्या, नवा भोंगा फाडलास? येड लागलं काय रे तुला?"

"लागलं," भगीरथ म्हणाला. "तुला पण लागंल. ऐक तर!"

साईनाथनं ऐकलं नाही. आणि भगीरथ काही थांबला नाही. त्यानं स्वतःची एक चाल बांधली. तिला शब्द नव्हते. आपल्याकडे भात झोडताना समोरासमोर उभी राहिलेली माणसं आळीपाळीनं फळीवर पेंढी आपटतात ना, त्या ठोक्यावर ती उभी होती. मध्येच ठोका चुकायचा, जणू कुणी दम घ्यायला थांबलंय, आणि पुन्हा दुप्पट जोरानं सुरू. तिचं नाव त्यानं ठेवलं 'झोडणी'. शहापूरची कॉलेजातली पोरं ती ऐकून म्हणाली, "दादा, हे रॉक आहे!" भगीरथ म्हणाला, "असंल. आमी तर भात झोडतो."

मग एका हळदीत नाचाची गाणी सोडून त्यानं झोडणी सुरू केली. नवऱ्याचा मामा धावत आला. "ही हळद हाय का भूत उतरवताय?" साईनाथची मान खाली गेली. त्यानं तिथंच माझी वायर उपटली आणि मला भगीरथच्या मांडीवर आदळलं. "घेऊन जा तुझं हे भूत. माझ्या पथकात पाय टाकायचा नाय."

मित्रांनो, ती होती माझी पहिली आणि शेवटची लाथ. तिनं माझं भलंच केलं.

त्यानंतरची वर्षं आम्ही दोघांनी धुडगूस घातला. कॉलेजची पोरं ड्रम घेऊन आली, गिटार घेऊन आली. कुठल्या मंडळानं बोलावलं की भगीरथ विचारायचा, "काय वाजवू ते तुमी सांगणार का मी?" तुम्ही सांगणार असाल तर तो जायचाच नाही. दसऱ्याला घरोघरी हत्यारांची, वाद्यांची पूजा होते आणि पूजा झालेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नाहीत. हा बाबा मात्र मुद्दाम दसऱ्यालाच माझ्यावरचा झेंडू झटकून वाजवायला बसायचा. त्याची बायको रुपाली ओरडायची, "अहो, देव हाय तो आज!" तर हा म्हणायचा, "मंग देवाला बसवून ठेवू का? त्याला पण काम पायजे." त्याची मुलगी मनस्वी शेजारी फळीवर मुठी आपटून ठोका धरायची.

म्हशाच्या जत्रेतली ती दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही. मंचावर आधी भक्तिगीत वाजवा, असं सांगितलेलं असताना भगीरथनं झोडणी सुरू केली. कुणीतरी चिडून वीजच बंद केली. भोंगा गप्प झाला. विजेशिवाय माझा आवाज तो किती, पत्र्यावर नख ओढल्याएवढा! पण भगीरथ थांबेना. आणि मग समोरचे बैलवाले, खेळणीवाले, घोंगडीवाले एकमेकांना "गप रे" म्हणायला लागले. सगळी जत्रा कान देऊन उभी राहिली. चुकणारा ठोका आला तेव्हा शेकडो पाय एकदम जमिनीवर आपटले. माझ्या तारा आपोआप थरथरल्या. त्या गर्दीत मागे साईनाथ उभा होता. तो पाय आपटत नव्हता, पण निघूनही जात नव्हता.

मग भगीरथला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग दवाखाना, मग उशीर. गेला. झोडणी कुणी धड रेकॉर्ड करून ठेवली नव्हती. मोबाईलवरचे दोन-चार खरखरणारे तुकडे, बस्स.

तेराव्याला साईनाथ अनवाणी घरी आला. डोळे सुजलेले होते. "वयनी, त्याचा बेंजो मला द्या. पथकात त्याची आठवण राहू दे." रुपालीनं दिला. तिनं तरी काय करायचं होतं?

आणि मित्रांनो, तिथून माझे हाल सुरू झाले. साईनाथनं मला काचेच्या कपाटात ठेवलं. ज्यानं जिवंतपणी हाकललं, तोच आता रोज उदबत्ती लावायला लागला. दर दसऱ्याला हळद, कुंकू, अक्षता आणि वर नारळाचं पाणी. सगळं माझ्या बटणांच्या फटींत! तांदूळ अडकले, पाणी मुरलं, कुंकवाचा गारा वाळून दगड झाला. मी आतून ओरडत होतो, 'अरे, वाजव रे मला! शिव्या दे, पण वाजव!' काचेबाहेर पथक तीच जुनी गाणी वाजवत होतं आणि मी तिथं बसून तडफडत होतो.

मनस्वी अधूनमधून यायची. काचेला नाक लावून बघायची. तिला झोडणी अख्खी तोंडपाठ होती. "काका, एकदा वाजवू द्या ना."

"नको गो पोरी. बापाची शेवटची खूण हाय. मोडली तर काय तोंड दाखवू त्याला?"

यंदा साईनाथनं ठरवलं की दसऱ्याची पूजा झाली की कपाट समाजमंदिराच्या भिंतीत बसवायचं, वर भगीरथचा फोटो लावायचा आणि काच कायमची स्क्रूनं पक्की करायची. ते ऐकलं आणि माझं काळीज फाटलं. हा सन्मान नव्हे रे बाबांनो, ही मूठमाती!

दसऱ्याच्या सकाळी मला पूजेसाठी बाहेर काढलं. पाटावर माझ्याशेजारी साईनाथचा ढोल होता, पलीकडे विळे आणि कोयते. भात पिवळं पडलं होतं, कापणी तोंडावर आली होती. झेंडू वाहिला, नारळ फुटला. साईनाथ स्क्रू आणायला वळला आणि मनस्वीनं मला उचलून मांडीवर घेतलं.

"ए! आज हात नाय लावायचा!" साईनाथ ओरडला.

"बाबा आजच लावायचे," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

दबलं नाही. दुसरं दाबलं. तेही नाही. एकही बटण हलेना. ती ढसाढसा रडायला लागली. बाप गेला तेव्हा ती इतकी रडली नव्हती. "काका, तुमी काय केलंत हो हे? जीव गेला याचा!"

साईनाथ माझ्यावर वाकला. बटणांच्या फटीतला लाल गारा त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिला. "मी... मी तर पूजाच केली गो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मनस्वीनं डोळे पुसले. मग पाटावरचा कोयता उचलून तिनं माझ्या बटणांच्या पट्टीखाली घातला आणि पट्टी उचकटली. कडाड! सगळी बटणं तांदळा-कुंकवासकट बाहेर.

"मोडलास गो! मोडलास!" साईनाथनं डोकं धरलं.

मला मात्र कितीतरी वर्षांनी वारा लागला. उघड्या तारांवर! तिनं पूजेतला विळा घेतला, त्याची पाठ तारेवर टेकवली, दुसऱ्या हातानं तार छेडली आणि विळा सरकवत नेला. मित्रांनो, असा आवाज मी जन्मात काढला नव्हता. बटणांवरून मी पायऱ्या चढल्यासारखा सूर चढायचो. आता मी घसरत होतो, हुंदका देत होतो, पुन्हा उसळत होतो. ती झोडणीच होती, पण भगीरथची नव्हती.

चुकणारा ठोका आला. ती थांबली. कुणीच काही केलं नाही.

आणि तेवढ्यात धाडकन ढोल वाजला. साईनाथ! ढोलावरचा हार त्यानं कधी ओरबाडून फेकला होता, कुणाला कळलंही नव्हतं. तो हमसून हमसून रडत होता आणि वाजवत होता. "ऐकलं रे भगीरथ्या," तो म्हणत होता, "लागलं येड. लागलं!"

समाजमंदिराच्या भिंतीत काचेचं कपाट बसलं, बरं का. त्यात माझी बटणं आहेत. साईनाथ त्यांना रोज उदबत्ती लावतो. लावू दे बिचाऱ्याला.

मी तिथं नाही. मी मनस्वीच्या पाठीवर असतो. कालच्या हळदीत नवरीकडच्या एका काकानं कान झाकून घेतले आणि त्याचीच नात आमच्यासमोर बेभान नाचली. तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी पडलं असेल, आज्याचं, बापाचं. त्याला फूल वाहण्याआधी एकदा हातात घ्या आणि वाजवून बघा. मोडलं तर मोडू दे. मी मोडलोय, आणि आज संध्याकाळी डोळखांबला माझी सुपारी आहे.